आधी एसी बंद कर!

सरकारने ट्रकच्या केबिनमध्ये एसी बसवायला लावला आणि ट्रकमालकांना घाम फुटला.

तसा नियम साधाच आहे. साडेतीन टनांवरचा जो ट्रक 2025 सालातल्या ठरलेल्या तारखेनंतर कारखान्यातून बाहेर पडेल, त्याच्या केबिनला वातानुकूलन असलंच पाहिजे. अधिसूचना डिसेंबर 2023 मध्ये निघाली. केबिन खरोखर गार होते की नुसता वारा घुमतो हे तपासायला आयएस 14618 नावाचं मानकही नेमून दिलं. त्याआधी जूनमध्ये या निर्णयाबद्दल बोलताना रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी 43 ते 47 अंशांत ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या हालाची कल्पना करायला सांगितलं होतं. गडकरी नागपूरचे. 47 अंश म्हणजे काय, हे नागपूरकराला कल्पनेने ठरवावं लागत नाही. मे संपता संपता नवतपा लागला की तिथे दुपारी एक ते पाच रस्त्यावर फक्त डांबर आणि ट्रक दिसतात, आणि त्यातलं डांबर जागा सोडायच्या बेतात असतं.

इंजिनाच्या गारव्याची काळजी मात्र माणसाने फार आधीपासून घेतली. 1901 सालच्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने मधाच्या पोळ्यासारखं रेडिएटर तयार केलं. इवल्या इवल्या चौकोनी नळ्यांमधून वारा जायचा आणि नळ्यांभोवतीचं पाणी गार व्हायचं. मोटारीत बसलेल्या माणसाचा विचार व्हायला पुढे जवळजवळ चाळीस वर्षं गेली. कारखान्यातूनच एसी बसवून देणारी मोटार पॅकार्ड कंपनीने 1939 साली लोकांपुढे आणली. आपल्याकडच्या ट्रक ड्रायव्हरचा नंबर लागला तो 2025 मध्ये. लोखंडाला गारवा मिळाला आणि ते हाकणाऱ्याला तो मिळायला मध्ये सव्वाशे वर्षं लागली.

बरं, दोघं बसतात एकमेकांना खेटून. आपल्या बहुतेक ट्रकांत इंजिन असतं ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध, एका पत्र्याच्या झाकणाखाली. त्या झाकणावर घोंगडी घालून हिवाळ्यात क्लीनर झोपतो आणि उन्हाळ्यात कोणीच बसत नाही. त्या शेजाऱ्याला रेडिएटर आहे, पंखा आहे, थर्मोस्टॅट आहे, कूलंट आहे, आणि तब्येत कशी आहे ते सांगायला डॅशबोर्डवर स्वतंत्र काटा आहे. ड्रायव्हरला काटा नाही. तो किती तापलाय हे त्याच्या शिव्यांवरून ओळखायचं असतं.

नियम नव्या गाड्यांना लागू. जुन्या गाड्यांच्या मालकांनी सुटकेचा श्वास घेतला होता, पण तो त्यांना फार काळ धरून ठेवता आला नाही. ड्रायव्हर लोक राजपत्र वाचत नसतील, ढाब्यावर मात्र बसतात. आणि शासनाचा निर्णय जिल्हा कचेरीत पोचायच्या आत ढाब्यावर पोचलेला असतो. नागपूरहून अमरावती रोडला लागलं की वाडी येते. तिथे ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं, गोदामं, टायरवाले, बॉडीवाले आणि चहावाले एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. तिथे नोकरीला आलेला ड्रायव्हर पूर्वी पगार विचारायचा, मग भत्ता विचारायचा. आता गाडीकडे बघत तो तिसरंच विचारतो, “एसी हाय का?”

आमच्या ओळखीच्या एका शेठना हा प्रश्न इतक्यांदा ऐकावा लागला की शेवटी त्यांनी आपल्या दहाचाकीला बाहेरून एसी बसवून घेतला. गाडी बारा-तेरा वर्षं जुनी. कामधंदा कापसाचा. हिंगणघाटकडच्या जिनिंगमधून गाठी उचलायच्या, एकेक गाठ 170 किलोची, आणि त्या मिल सांगेल तिथे पोचवायच्या. ड्रायव्हर चांगला, दारू न पिणारा, हिशेब चोख देणारा. असा माणूस शेजारच्या ट्रान्सपोर्टमध्ये जातो की काय, या भीतीपोटी शेठ तयार झाले. झाले, पण मनातून नाही. वाळ्याचा कूलर पाठीशी घेऊन ते आम्हाला ऐकवत, “आमच्या बाबाईनं बिना पंख्याच्या गाडीवर धंदा उभा केला, भाऊ.” ही गोष्ट खरी आहे. बाबांनी गाडी विकत घेतली होती; बिनपंख्याची ती चालवली दुसऱ्याच कोणीतरी. घराण्याच्या इतिहासात एवढा फरक चालतो.

एसी बसला. इंजिनाशेजारी ब्रॅकेट ठोकून कॉम्प्रेसर लटकला, त्याला पट्टा चढला, डॅशबोर्डखाली कूलिंग कॉइल आणि ब्लोअर गेला, आणि रेडिएटरच्या पुढ्यात, जाळीच्या मागे, काँडेन्सर उभा राहिला. पूजा झाली, नारळ फुटला, लिंबू-मिरची बदलली. हिवाळा छान गेला. हिवाळ्यात सगळे एसी छानच चालतात.

मे महिन्यात ड्रायव्हरचा फोन आला. “शेठ, बुटीबोरीच्या जाममंदी हाय. एसी लावला का काटा लालीकडं जाऊन राहिला.”

शेठनी ताबडतोब निदान केलं आणि उपचारही सांगितला. “आधी एसी बंद कर!”

एसी बंद केला. थोड्या वेळाने काटा उतरला. झालं, शेठच्या दृष्टीने प्रकरण सिद्ध झालं. एसी लावला की इंजिन गरम होतं, बंद केला की उतरतं, म्हणून दोष एसीचा. हा तर्क इतका सरळ आहे की त्याच्याविरुद्ध बोलणारा माणूस स्वतः एसीत बसत असणार, असंच सगळे धरून चालतात. ड्रायव्हर सांगत होता की हायवेवर काही होत नाही, एसी लावून साठच्या स्पीडने गाडी मस्त येते, गाडी उभी राहिली की मगच काटा लालीकडे जातो. पण तो एसीचा लाभार्थी. लाभार्थ्याचं म्हणणं आपल्याकडे पुरावा म्हणून घेत नाहीत.

आता थोडा हिशेब करू. या गाडीचं इंजिन दोनशेच्या आसपास अश्वशक्तीचं. एसीचा कॉम्प्रेसर त्यातली चार-पाच खातो. डिझेल जाळून जी उष्णता निघते तिच्यातला तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग कामाला येतो. उरलेली सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून गावाला वाटली जाते. भरली गाडी चढावर ओढताना इंजिन रेडिएटरच्या गळ्यात जेवढी उष्णता घालतं, तिच्या दहाव्या हिश्शाइतकीही भर एसी घालत नाही. मग काटा का चढतो? एक कारण असं की काँडेन्सर बसलाय रेडिएटरच्या पुढे. केबिनमधली उष्णता उपसून तो वाऱ्यात सोडतो आणि तोच वारा मागे रेडिएटरला मिळतो. म्हणजे रेडिएटरला 45 अंशांचा वारा येतो तोही आधीच वापरलेला. गाडी पळत असली की वारा एवढा असतो की हे खपून जातं. जाममध्ये वारा येत नाही, तो पंख्याने ओढून आणावा लागतो. तिथे जी काही लपलेली कमजोरी असेल ती उघडी पडते. थोडक्यात, एसी हा या प्रकरणातला साक्षीदार. पण साक्षीदार सगळ्यात आधी सापडतो, म्हणून त्यालाच आधी आत टाकतात.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला लागली. वाडीचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, एक चेनब्लॉक आणि भरपूर माणसं. त्यातली निम्मी कामाची, निम्मी माझ्यासारखी. ट्रकचं बॉनेट उघडलं की बघणाऱ्याला आपोआप अधिकार प्राप्त होतो, त्यासाठी वेगळं शिक्षण लागत नाही.

पहिला बोलला रेडिएटरवाला. तो गाडीजवळ येत होता, अजून पोचला नव्हता. “चोकअप हाय,” तो म्हणाला. “खोला लागंन. राडिंग केल्याबिगर होत नाही.” रॉडिंग म्हणजे रेडिएटरची टाकी डाग काढून उघडायची आणि आतल्या चपट्या नळ्यांतून पातळ पट्ट्या घालून बसलेला क्षार खरवडायचा. चूक नव्हतंच त्याचं. कूलंटचे पैसे वाचवून जे मालक बोअरचं पाणी ओततात, त्यांच्या रेडिएटरमध्ये दोन-तीन उन्हाळ्यांत चुनखडीची खाण तयार होते. पण तसा रेडिएटर भरल्या गाडीने हायवेवर पळतानाही गरम करतो. तिथे वारा कितीही असला तरी नळीतून पाणीच जात नाही. ही गाडी हायवेवर गार होती. हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मंग आता होईन.” धंद्यावर एवढी श्रद्धा हवी.

दुसरा आला एसीवाला. त्याने लाल आणि निळ्या नळ्यांचं मीटर अडकवलं, डोळे बारीक केले आणि गॅस कमी असल्याचं सांगितलं. एसीवाल्याने मीटर लावलं आणि गॅस पुरेसा निघाला, असं माझ्या पाहण्यात नाही. त्याने गॅस मारला. “पहा आता, चिल्ड!” खरं तर गॅस प्रमाणापेक्षा जास्त झाला की काँडेन्सरमधला दाब वाढतो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, काँडेन्सर आणखी तापतो आणि रेडिएटरला आणखी शिळा वारा मिळतो. शेठना त्याने एकाच वेळी दोन गोष्टी विकल्या होत्या, गॅस आणि ताप.

तिसरा वायरमन. हातात टेस्ट लॅंप. त्याने एसीचं बटण दाबलं आणि सगळ्यांदेखत काटा टुणकन वर उडाला. बटण बंद, काटा खाली. चालू, वर. “सेन्सर गेला,” वायरमन म्हणाला. शेठ त्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, “पहा! पहा! म्या काय सांगून राहिलो होतो?” एसीचा गुन्हा आता रंगेहाथ पकडला गेला होता.

मग प्रेक्षकांतून सूचना सुरू झाल्या. भारतीय गॅरेजशास्त्रात दोन रामबाण उपाय आहेत, ‘काढून टाक’ आणि ‘डायरेक्ट कर’. पहिला उपाय थर्मोस्टॅटवर चालवतात. हा बिचारा पाण्याच्या वाटेवर बसलेला झडपवाला. साधारण 82 अंश होईपर्यंत तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. गाडी गरम झाली की याने वाट अडवली म्हणून हा दोषी, टाका काढून. काढला की थंडीच्या पहाटे इंजिन गारठलेलंच पळतं आणि डिझेल पितं. शिवाय काही इंजिनांत हाच झडपवाला उघडताना मागची आडवाट बंद करत असतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता त्या आडवाटेने पुन्हा इंजिनातच फिरतं, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. तोवर काढणारा दुसरी गाडी उघडून बसलेला असतो.

‘डायरेक्ट’ करायचा तो पंखा. या पंख्याच्या मधोमध सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमधून येणारा वारा गरम झाला की पुढची पत्ती पिळते, तेल आत शिरतं आणि पंखा इंजिनाला घट्ट धरून गर्जना करत फिरतो. वारा गार असला की तो सुस्तपणे फिरतो, कारण फुकट फिरणारा पंखाही डिझेलच खातो. हा हिशेब एका जर्द्याच्या पुडीएवढ्या जागेत बसवायला माणसांनी डोकं झिजवलं. आपण त्यात बोल्ट मारून तो कायमचा जाम करतो आणि म्हणतो, डायरेक्ट करून दिला.

एक गृहस्थ मागे उभे राहून कोणालाही न विचारता हळू आवाजात म्हणाले, “हेड गेलं.” असा एक माणूस प्रत्येक गॅरेजात असतो. हेड गॅस्केट फुटलं असतं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते, कुठे न गळता पाणी कमी झालं असतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला असता. यातलं काही नव्हतं. ते कळल्यावर गृहस्थ जरा खट्टू झाले, पण थांबले. अजून आशा होती.

पंजाबकडे गाडी चालवून आलेल्या एका जुन्या ड्रायव्हरने सांगितलं, “जाममंदी काटा चढला का हीटर फुल लावायचा. इंजिनची गरमी केबिनमंदी येते, काटा उतरते.” हा मात्र अगदी शास्त्रशुद्ध उपाय. हीटर म्हणजे दुसरं छोटं रेडिएटरच. अडीअडचणीला ते इंजिनाचा भार हलका करतं. ड्रायव्हर घाबरून म्हणाला, “आपल्या गाडीले हीटर नाही.” शेठच्या चेहऱ्यावर पहाट झाली. त्यांनी विचारलं, “बसवायले किती लागते?”

एवढ्यात शेठनी ऑफिसातून एक यंत्र मागवलं. कोरोनात येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळावर धरायला घेतलेली तापमापक बंदूक. ती त्यांनी रेडिएटरवर रोखली, आकडा आला नाही. इंजिनावर रोखली, नाही. ही बंदूक माणसाच्या तापासाठी, बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे तिला मोजता येत नाही. शेवटी त्यांनी ती टायरवर, झाडाच्या बुंध्यावर आणि हेड गेल्याचं सांगणाऱ्या गृहस्थांच्या शर्टावर धरून पाहिली. कुठेच आकडा येईना. त्यावरून शेठनी बंदूक बिघडल्याचं ठरवलं. नवतप्यात वाडीला मोजण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, ही शक्यता त्यांनी विचारात घेतली नाही.

या सगळ्या काळात गॅरेजचे मिस्त्री दुसऱ्या एका गाडीच्या पोटाखाली गिअरबॉक्सशी बोलत पडले होते. ते बाहेर आले, हात पुसले आणि असं काही केलं की जमाव चमकला. ते ड्रायव्हरकडे गेले आणि त्याला विचारू लागले.

“काटा उडी मारते का हळूहळू चढते?”

ड्रायव्हर क्षणभर गप्प. त्याला इतक्या लोकांत कोणी विचारेल अशी सवय नव्हती. मग म्हणाला, “उडीबी मारते, मिस्त्री, अन् चढतेबी. एसी लावला का टुणकन उडी मारते. मंग तिथंच राह्यते. जाममंदी अर्धा घंटा उभं राह्यलं का तिथून पुढं चढत जाते.”

“मंग दोन बिमाऱ्या हायेत,” मिस्त्री म्हणाले. “काहून मिसळून राहिले सारे?”

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याला माझ्या मते चौकात फलक लावून ठेवायला हरकत नाही. इंजिन म्हणजे काही शे किलो लोखंड आणि त्यात वीस-तीस लिटर पाणी. ते एका सेकंदात तापत नाही आणि एका सेकंदात निवत नाही. एसीचं बटण दाबल्याबरोबर काटा उडत असेल तर तापला तो काटा, इंजिन नाही. मिस्त्रींनी वायरमनला डॅशबोर्डखाली वाकवलं. एसी बसवणाऱ्याने ब्लोअरची अर्थिंग काट्याच्याच गंजलेल्या बोल्टाला दिली होती. ब्लोअर करंट ओढायला लागला की त्या खराब जोडावर दाब पडायचा आणि मीटर खोटं बोलायचं. बोल्ट घासला, ब्लोअरला वेगळी अर्थिंग थेट चेसिसवर दिली. बटण दाबलं. काटा जागचा हलला नाही. सेन्सर गेला नव्हता, तो वायरमनच्या तोंडात मात्र राहून गेला.

शेठ नाराज झाले. पुरावाच फुटला. पण दुसरी बिमारी शिल्लक होती.

“पंखा ओरडते का?” मिस्त्रींचा पुढचा प्रश्न.

“लई ओरडते. पन वारा नाही येत. मी जाळीपुढं हात धरून पाहिला, एवढ्या आवाजात जेवढा पायजे तेवढा नाही.”

“हे तू कोनाले सांगितलं?”

“साऱ्याईले. पन साऱ्याईले वाटलं का मी एसीसाठी बोलून राहिलो.”

गाडी चालू केली, एसी लावला, रेस दिली. पंखा गरजू लागला. मिस्त्रींनी शेठकडे हात पुढे केला. “एक नोट द्या.” शेठनी सवयीने आधी कशाला ते विचारलं, मग पाचशेची काढली. मिस्त्रींनी ती पुढच्या जाळीआत हात घालून काँडेन्सरला लावली आणि सोडली. पंखा नीट वारा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून बसतो. नोट घरंगळत खाली आली आणि ऑइलमध्ये पडायच्या आत शेठनी ती झेलली. पन्नाशी उलटलेल्या माणसाची एवढी चपळाई मी पूर्वी पाहिली नव्हती. चाचणी पुन्हा करायला त्यांनी नकार दिला, पण एकदा पुरे होती. पंखा ठीक, क्लच ठीक, पट्टा ठीक. वाऱ्याची वाटच बंद.

समोरून तर सगळं आरशासारखं स्वच्छ. क्लीनर रोज सकाळी पाइप मारून जाळी धूत असे, आणि ते तो अभिमानाने सांगत होता. मिस्त्री बॅटरी घेऊन बाजूने वाकले. काँडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती. त्यांनी प्रकाश टाकला आणि गंभीरपणे शेठना बोलावलं. शेठ वाकले. मग आम्ही सगळे पाळीपाळीने वाकलो.

आत एक रजई होती. हिवाळाभर गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहायची, आणि तिथल्या हवेत श्वासापेक्षा कापूसच जास्त असतो. काँडेन्सरच्या विरळ पात्यांतून आणि कडेच्या उघड्या फटीतून कापसाचे तंतू आत शिरले, रेडिएटरच्या दाट पात्यांवर जाऊन बसले, त्यांवर धूळ, त्यांवर किडे, त्यांवर पुन्हा कापूस. रोज सकाळी पुढून मारलेल्या पाण्याने तो थर दाबून, भिजवून, सारखा करून दिला होता. कोणा पिंजाऱ्यालाही जमली नसती अशी ती चौकोनी, काठोकाठ भरलेली रजई पांघरून आमची गाडी नवतप्यात बुटीबोरीला उभी होती.

हायवेवर साठच्या वेगाचा वारा तिच्या विरळ कोपऱ्यांतून कसाबसा घुसत होता. जाममध्ये एकट्या पंख्याला ते झेपत नव्हतं. त्यात आता एसीवाल्याने गॅस वाढवून पुढून शेक द्यायचीही सोय केली होती.

उपाय मग अगदी साधा. गॅसच्या नळ्या न सोडता काँडेन्सरचे बोल्ट काढले, तो पुढे कलता केला, आणि सडपातळ हाताचा म्हणून क्लीनरला पुढे घातलं. त्याने जपून ओढत रजई जवळजवळ अखंड बाहेर काढली. उरलेला कचरा मिस्त्रींनी इंजिनाच्या बाजूने, आतून बाहेर, हलक्या हवेने काढला. जोरात मारली तर पाती मुडपतात आणि तीच नवी भिंत होते. कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बंद केल्या. एसीवाल्याला बोलावून जास्तीचा गॅस परत घ्यायला लावला. त्याचे पैसेही तो मागत होता, भरायचे वेगळे आणि काढायचे वेगळे.

पुन्हा कसोटी. या वेळी नोट क्लीनरच्या खिशातली, दहाची. जाळीला लावताच ती अशी चिकटली की काढायला पंखा मंद करावा लागला. गाडी तशीच उन्हात, एसी लावून, अर्धा तास उभी ठेवली. काटा मध्यावर येऊन बसला आणि तिथून ढळला नाही. ड्रायव्हर केबिनमध्ये काच वर करून बसला होता. अर्ध्या तासात त्याने एकही शिवी दिली नाही. हेड गेल्याचं सांगणारे गृहस्थ पुढच्या गाडीकडे निघून गेले.

शेठ मात्र विचारात पडले होते. त्यांना एक गोष्ट पटत नव्हती. सबंध दिवस मोडला, गाडी दुरुस्त झाली, पण बदललं काहीच नाही. नवा रेडिएटर नाही, नवा सेन्सर नाही, पंखा तोच, पट्टा तोच. आपल्याकडे दुरुस्तीचे पैसे पार्टचे असतात. खोक्यातून नवं निघालं आणि जुनं पोत्यात गेलं की मन भरतं. कोणी नुसतं नीट विचारून, नीट वाकून, नीट पाहून दोष काढला तर त्याचा आकडा आपल्या हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात घालायचा तेच कळत नाही. मिस्त्रींनी आपली मजुरी सांगितली तेव्हा शेठनी खिशाकडे गेलेला हात मध्येच थांबवला.

“पन मिस्त्री, तुमी टाकलं काय गाडीत? आमच्याच गाडीतून आमचाच कापूस काढला, अन् त्याचे पैसे?”

मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी क्लीनरला हाक मारून ती रजई मागवली, दोन्ही हातांनी झटकून उभी धरली आणि विचारलं,

“मंग परत भरून देऊ का?”